बाजरीला धरून चवळी

आत्या दवाखान्यात असताना त्यांच्या भाच्याने त्यांच्या द्राक्षबागेत तणनाशक मारले. ऑगस्ट महिना होता. वेलींच्या ओळींमध्ये आत्यांनी बाजरी आणि चवळी पेरली होती. आत्या घरी आल्या तेव्हा ती वाळली होती.

आत्यांविषयी लिहायला बसले की मला आधी हेच आठवते आणि पेन बराच वेळ तसाच हातात राहतो. त्यांना जाऊन आता दुसरा पावसाळा चालू आहे. माणूस गेले की लोक त्याला गोड करून टाकतात. आत्या गोड नव्हत्या. भांडखोर होत्या, हट्टी होत्या, चहात साखर घालताना त्यांचा हात आखडायचा. मोबाइलची रिंग वाजली की द्राक्षमणी गळतात असे त्या छातीठोक सांगत आणि बागेत शिरणाऱ्याचा फोन काढून पायरीवर ठेवायला लावत. हे सगळे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला त्यांची आरती केल्याचा दोष देणार नाही.

पिंपळगाव बसवंतच्या कॉलेजात मला ग्रंथपालाची नोकरी लागली आणि नाशिकहून रोजचे जाणे-येणे झेपेना, म्हणून मी खोली शोधत होते. महामार्गापासून थोडे आत, कांद्याच्या शेडच्या मागे, सगळे गाव ज्यांना आत्या म्हणे, त्यांचे घर होते आणि घराला लागून त्यांची बाग. मी दारात उभी राहिले. त्यांनी नाव विचारले नाही.

"गाडीत कुठं बसलात?"

"सीबीएसला," मी नाशिकच्या बसस्थानकाचे नाव सांगितले.

"या, सीबीएस. दारात गर्दी करू नका, आत सरका."

दारात मी एकटीच होते.

आत्या एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त होताना कातडी पिशवी डेपोत जमा करावी लागली, तर घरी येताना वाटेत चपला शिवणाऱ्याच्या दुकानात थांबून त्यांनी तशीच दुसरी शिवायला टाकली. त्यांच्याकडे माणसांना नावे नव्हती, थांबे होते. जो जिथे गाडीत बसला, ते त्याचे नाव. भाचा ओझरला आजोळी जन्मला होता, म्हणून तो ओझर. छाटणीच्या टोळीबरोबर आलेली आणि टोळी परतली तरी आत्यांकडेच राहिलेली बाई हरसूल. मी अखेरपर्यंत सीबीएस. कुणाचे बोलणे थांबवायचे असले की त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा एकदा वाजवत. चालू द्यायचे असले की दोनदा. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. शहाणीसुरती माणसे त्या चमच्यापुढे वाक्य अर्धे टाकून गप्प बसलेली मी पाहिली आहेत.

त्या पिशवीत आता तिकिटे नव्हती. एका कप्प्यात बाजरी असे, दुसऱ्यात चवळी. जूनमध्ये आत्या पिशवी खांद्याला लावून वेलींच्या ओळींतून चालत आणि दोन्ही कप्प्यांतून बी फेकत जात. बाजरी पोटऱ्यात आली, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात आहे आणि बाहेर पडायच्या बेतात आहे, की सगळे कापायचे. कापलेले वेलींच्या बुडाशी बोदावर, म्हणजे मातीच्या उंच वरंब्यावर, अंथरायचे. दाणा घ्यायचा नाही, शेंग घ्यायची नाही. सगळे जमिनीला परत.

आमच्या भागात द्राक्षबाग आरशासारखी ठेवतात. दोन ओळींच्या मधे गवताची काडी दिसली तर मालकाला कमीपणा वाटतो. पॅकहाउसवर गाडी भरताना माणसे एकमेकांच्या बागेची स्तुती 'ताटाविना जेवावं अशी' या शब्दांत करतात. त्यात आत्यांची ही पाऊण एकर, ओळींत माणूस दिसू नये अशी.

"आत्या, ही बाग हाय का रान?" शेजारचे बागाईतदार कुंपणापलीकडून विचारत. त्यांना पूर्ण टक्कल होते.

"तुमच्या डोक्यासारखी करू का? मे महिन्यात चटका कुठं बसतो ते तुम्हीच सांगा."

"गवतात मिलीबग बसतो."

"तुमच्याकडं गवत नाय. मग तुमच्याकडं कुठं बसतो? सोप्यावर?"

यावर ते हसत आणि निघून जात. मिलीबगची कीड त्यांच्याकडेही होती, आत्यांकडेही होती.

आत्यांना हे सगळे पहिल्याच फटक्यात जमले होते असे नाही. माझ्या आधीची गोष्ट आहे, पण ती त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की ती मला पाहिल्यासारखीच वाटते. पहिल्या वर्षी त्यांनी नुसती बाजरी पेरली. पुरुषभर वाढली, कापली, बोदावर गादीसारखी अंथरली. माती गार राहिली, पाणी कमी लागले; आत्या गावभर सांगत सुटल्या. मग वेलींची पाने पिवळी पडली. बाजरीचे ताट सावकाश कुजते आणि कुजताना जमिनीतला नत्र स्वतःच ओढून घेते. वेलींच्या तोंडचा घास पांघरुणानेच खाल्ला होता. दुसऱ्या वर्षी रागाने त्यांनी नुसती चवळी पेरली. चवळी हवेतला नत्र जमिनीला देते खरी, पण तिला कणा नाही. ती जमिनीवर पसरली, आणि धरायला काही मिळेना म्हणून वेलींवर चढली, तिथून तारांवर. ऐन हंगामात द्राक्षाच्या तारांवरून शेंगा लोंबत होत्या. लोक मोटारसायकली थांबवून बघायला येत. "आत्या, यंदा निर्यात कशाची? चवळीची?" चवळी सोडवताना वेलींचे कोवळे शेंडे तुटले. आणि एवढे करून कापलेली चवळी दोन आठवड्यांत कुजून गेली, माती पुन्हा उघडी.

"चवळी कुणाला तरी धरणारच," आत्या मला सांगत. "तिचा सोभाव हाय त्यो. मग आपणच तिला धरायला द्यावं. नायतर ती वेलीला धरती."

तिसऱ्या वर्षापासून दोन्ही एकत्र. चवळी बाजरीच्या अंगाने वर चढली आणि वेलींकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. कापलेले मिसळून अंथरले, तर ते बाजरीइतके चिवट राहिले नाही आणि चवळीसारखे विरूनही गेले नाही.

त्यांच्या उजव्या अंगठ्याचे नख नेहमी मातीने काळे असे. त्याचे कारण असे, की घरी कुणीही आले, अगदी लग्नाची पत्रिका द्यायला आले, तरी आत्या त्याला बागेत नेत, चवळीचे एक रोप मुळासकट उपटत आणि मुळावरची मोहरीएवढी गाठ नखाने फोडून दाखवत. आत गुलाबी रंग असला तर ती गाठ हवेतला नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवी असली तर नाही.

"गुलाबी. ड्युटीवर हाय," त्या म्हणत. पांढरी निघाली तर, "ही रजेवर. चला, दुसरी बघू." गुलाबी सापडेपर्यंत पाहुण्याची सुटका नसे. मग त्याला चहा मिळे, कमी साखरेचा.

जेवायलाही तेच. बाजरीची भाकरी आणि चवळीची उसळ. एकटी भाकरी त्या कुणाला देत नसत, एकटी उसळही नाही. हरसूल एकदा कुरकुरली, "आत्या, नागलीची भाकर करू का आज? रोज रोज हेच कशाला?" आत्या म्हणाल्या, "कर. पण तिच्या जोडीला काय, ते आधी सांग." हरसूल म्हणाली, "उडीद." मग दोनदा चमचा वाजला.

जोडीचा एवढा ध्यास असलेली ही बाई एकटी कशी, हा प्रश्न मला पडला होता. मी मोठ्या मुश्किलीने एकदा विचारला. नवऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, "त्यांचा स्टॉप आला, ते उतरले." मला वाटले, वारले असतील. पुढे कळले की ते नांदगावला दुसरा संसार करून आहेत. कंडक्टर असताना नांदगावची ड्युटी लागली तर आत्या ती घेत, टाळत नसत. पण त्यांनी कधी कुणाला 'नांदगाव' म्हणून हाक मारली नाही.

"आणि जोडी म्हणजे काय लगीन हाय का?" त्याच दिवशी त्यांनी मला सुनावले. "चवळीनं काय बाजरीच्या गळ्यात माळ घातलीय? हिच्याकडं कणा, तिच्याकडं गाठी. जे हाय ते द्यायचं. तुम्ही पुस्तकं वाचता, मी बडबडते. झाली का जोडी? घ्या भाकर."

जमिनीचा विषय सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ही पाऊण एकर आत्यांच्या वडिलांची. आमच्याकडे बहिणी हक्कसोडीवर सही करतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेर टिकते. आत्यांनी सही केली नाही. भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही, कंडक्टरकीच्या खाकीत त्या गावातून जाताना तोंड फिरवायचा. भावाचा मुलगा मात्र बोलत असे. बोलत असे म्हणजे काय, आत्यांच्या बागेची फवारणी तोच करी, मोटार बिघडली तर रात्री-अपरात्री तोच धावे. त्याची स्वतःची बाग आत्यांच्या बागेला लागूनच होती आणि ताटाविना जेवावे अशी होती. पॅकहाउसवर आत्यांच्या रानाबद्दलचे टोमणे त्यालाच ऐकावे लागत. तो मितभाषी, भला मनुष्य. मी त्याला खलनायक करणार नाही. पण त्याने जे केले ते केले.

जुलैच्या अखेरीस आत्या बागेत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ओझरने त्यांना उचलून गाडीत घातले, नाशिकला नेले, ऑपरेशनच्या कागदांवर सह्या केल्या, दवाखान्यात खाली चटई टाकून झोपला. आणि मध्येच एका सकाळी घरी येऊन त्याने पाठीवर पंप चढवला.

मी कॉलेजातून आले तेव्हा पंप धुऊन उलटा ठेवला होता. हवेत वास होता.

"कुणाला विचारून?" मी म्हणाले. मी कुणाशी अशा आवाजात बोलत नाही.

"मॅडम, आत्या आता बागेत येणार हायेत का?" तो खाली बघत म्हणाला. "साप निघतात त्यात. त्या पडल्या त्यातच. डोळ्यांसमोर नसलं म्हणजे त्यांचं मन जाणार नाय तिकडं. मी त्यांच्यासाठीच केलं."

बाजरी पोटऱ्यात आली होती. आठवडाभरात कापणी झाली असती.

आत्यांना घरी आणले त्या दिवशी गाडी बागेच्या कडेने आली. त्यांनी काचेतून पाहिले. आम्ही त्यांना ओट्यावर खुर्चीत बसवले, पाण्याचा पेला दिला. चमचा वाजला नाही. ओझर समोर उभा होता, ओरडा खायला तयार होऊन. तो ओरडा बसला असता तर सगळ्यांनाच बरे वाटले असते.

"बाटली आण," आत्या म्हणाल्या.

"कसली?"

"मारलीस ती."

त्याने रिकामी बाटली आणली. आत्यांनी चष्मा लावून मागचे बारीक अक्षर पाहिले, मग बाटली मला दिली, मी वाचून दाखवले. 

"पानातनं जातं. मातीत बसून राहत नाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे पेरता येतं. उद्या ट्रॅक्टर आण, क्रेटची ट्रॉली लावून."

"आत्या, छाटणी तोंडावर आली. हे उगवंल कधी, तुम्ही कापाल कधी? ऑक्टोबरला वेली छाटल्या की ओळी मोकळ्या लागतात. लोक हसतील."

"लोक काय, पासवर बसल्यात. हसू दे."

"मी नाय येणार."

"नको येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वॉकर घेऊन ओट्याची पायरी उतरू लागल्या. खांद्याला पिशवी होती. हरसूल त्यांचा पदर धरून ओरडत होती, मी पुढून अडवत होते, आणि कुंपणापलीकडून ओझर धावत आला.

"ओ आत्या! ओ! डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरनं सांगितलंय, आधार घेऊन चाला. माणसाचा मिळंना, म्हणून लोखंडाचा घेतलाय. सरक."

तो सरकला. मग गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला.

पुढचे दृश्य पिंपळगावात अजून सांगतात, हसत सांगतात. मी मात्र ते हसत सांगत नाही. वाळलेले सगळे हरसूलने आदल्या संध्याकाळीच कापून बोदावर ओढले होते. ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची दोरीने आवळून बांधली, खुर्चीत उशी, उशीवर आत्या. ट्रॉलीच्या मागे बोरीची फांदी बांधली होती, पडलेले बी मातीत ढकलायला. मी एका बाजूने आणि हरसूल दुसऱ्या बाजूने खुर्ची धरून चालत होतो. आत्यांनी ट्रॉलीच्या पत्र्यावर चमचा दोनदा वाजवला आणि गाडी सुटली.

दोन्ही हातांनी त्या फेकत होत्या, उजव्याने बाजरी, डाव्याने चवळी. ओळ संपली की एक ठोका. वळून नव्या ओळीत आलो की दोन. एकदा ओझर ठोका चुकवून पुढे गेला.

"सिंगल दिलेली ऐकू येत नाय का, ड्रायव्हर? पॅसेंजर राहिला मागं!"

टक्कलवाले बागाईतदार कुंपणाला रेलून बघत होते, त्यांच्याबरोबर आणखी चारजण.

"आत्या, गाडी कुठली?"

"ऑक्टोबरची! बसायचं तर बसा, उभ्यानं न्यायची नाय!"

लोक खूप हसले. आत्यांच्या कपाळावर घाम होता आणि बी फेकून झाले की खुर्चीचा हात धरणारी त्यांची बोटे दर धक्क्याला पांढरी पडत होती. ते कुंपणावरून दिसत नव्हते.

शेवटच्या ओळीच्या टोकाला ओझरने इंजिन बंद केले. मागे न वळता तो म्हणाला, "मी तुमच्यासाठीच मारलं होतं आत्या. खरंच सांगतो."

"ठावं हाय मला."

"मग?"

"माझ्यासाठी करायचं तर मला विचारून करायचं. जमीन माझी हाय म्हणून नाय, ओझर. मी जिवंत हाय म्हणून."

आत्यांनी दोनदा चमचा वाजवला आणि त्याने इंजिन सुरू करून आम्हाला घरी आणले.

उगवले. घाईघाईने उगवल्यासारखे उगवले. बाजरी नेहमीपेक्षा बुटकी होती, चवळीच्या वेली बारीक. रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर मी ओळीतून एक चक्कर मारून येई आणि आत्यांना ओट्यावर वार्ता देई: ढोपराएवढी, कमरेएवढी, चवळीने धरली. छाटणीची टोळी यायच्या थोडे आधी बाजरी पोटऱ्यात आली. आत्यांनी मला एक रोप उपटून आणायला सांगितले. मांडीवर घेऊन मुळे चाचपली, गाठ शोधली, नखाने फोडली. मग ती डोळ्यांपाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना नीट दिसत नव्हते, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

"सीबीएस, रंग सांगा."

"गुलाबी," मी म्हणाले.

"ड्युटीवर हाय?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी कापणी झाली, आणि टोळी आली तेव्हा बोदावर नवे पांघरूण होते.

द्राक्षे उतरायच्या दिवसांत आत्या गेल्या. झोपेतच. त्यांच्या बागेची द्राक्षे त्या वर्षी शेजाऱ्यांइतकीच आली, जास्त नाही, कमी नाही. पाणी मात्र कमी लागले होते.

दशक्रियेला नदीकाठी मांडव होता. आमच्याकडे त्या वेळी माइकवरून श्रद्धांजलीची भाषणे होतात. एक वजनदार गृहस्थ बोलायला उठले. आत्यांच्या कष्टांबद्दल बोलले, स्वभावाबद्दल दोन विनोद केले. मग म्हणाले, "बागेत त्यांनी आयुष्यभर तण वाढू दिलं, ती त्यांची आवड. आता भाचा हुशार आहे. तो बाग स्वच्छ करील, आणि तीच आत्यांना खरी श्रद्धांजली ठरेल." माणसे हळूच हसली.

मी पुस्तकांच्या खोलीत शांतता राखायला सांगून पोट भरणारी बाई. चारचौघांत उभी राहून मी आजवर कधी बोलले नव्हते. मी उठले.

"ते तण नव्हते," मी म्हणाले. "पेरलेले होते."

माइक माझ्याकडे नव्हता, तरी मागपर्यंत ऐकू गेले असावे, कारण माना वळल्या. ते गृहस्थ थांबले, समजुतीने हसले आणि पुढे बोलू लागले. मी बसले नाही. ते आटोपेपर्यंत उभी राहिले. थोड्या वेळाने पाहिले तर मागे बायकांमध्ये हरसूलही उभी होती.

ओझरने त्या दिवशी माझ्याकडे पाहिले नाही. जमीन आत्यांनी त्याच्याच नावे केली होती, एकही अट न घालता. वकिलाने विचारले होते म्हणे, बागेबद्दल काही लिहायचे का. आत्या म्हणाल्या होत्या, "लिहून कुणी पेरतं का?"

मग जून आला. ट्रॅक्टर त्याच्या बागेत फिरत होता, त्याच्या ओळी पुन्हा आरशासारख्या होत होत्या. मी खोलीत बसून आवाज ऐकत होते आणि तो आता कुंपणाच्या अलीकडे येईल याची वाट पाहत होते. आला. दारासमोर थांबला. मी बाहेर आले तर ट्रॅक्टरला फाळ नव्हता. क्रेटची ट्रॉली होती, मागे बोरीची फांदी.

"सीबीएस," तो म्हणाला. याआधी तो मला मॅडम म्हणत असे. "पिशवी घ्या. यंदापुरतं. पुढचं काय सांगत नाय."

यंदाही त्याने हेच सांगितले.

घर आणि बाग आता त्याच्या नावावर आहेत. मी त्याच खोलीत राहते. हरसूल दिवाळीनंतर गावी गेली ती आली नाही. ओझरची स्वतःची बाग अजून मोकळी आहे. आत्यांच्या ओळींमध्ये बाजरी आहे आणि बाजरीला धरून चवळी आहे.